भरल्या पोटाचं माप

शुक्रवारची सकाळ होती. अंगाला तेल चोळून, कमरेला पंचा गुंडाळून मी अंगणात उन्हाला बसलो होतो आणि पुढ्यात सूप घेऊन लसूण सोलत होतो. सुट्टीच्या दिवशी बायकोला मदत केल्याचं पुण्य मी एवढ्या एकाच कामावर मिळवत असे. बायको सकाळपासून दोनदा म्हणाली होती, “अहो, आज कचेरी नाही?” आणि दोन्ही वेळा मी लहान लेकराला समजावतात तशा आवाजात, “आज शुक्रवार आहे,” असं सांगितलं होतं. तेवढ्यात दारात कचेरीचा चपराशी येऊन उभा राहिला.

“साहेब इचारायलेत, आजारी हाव का म्हनून.”

“नाही बुवा. का?”

त्यानं माझ्या अंगावरच्या तेलाकडं बघितलं, सुपातल्या लसणाकडं बघितलं. “मग जाऊन काय सांगू?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. माझा जन्म त्या राज्यातला, शाळा त्या राज्यातली, नोकरीही तिथलीच. जुम्म्याला कचेरी बंद हे माझ्या लेखी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. पण पोलीस ॲक्शन होऊन थंडी पडायला लागली होती, नवा अंमल आला होता, आणि त्या आठवड्यापासून सुट्टी रविवारी असा हुकूम निघाला होता. तो हुकूम कचेरीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता तो मीच.

अंगावर दोन तांबे ओतून, शेरवानीच्या गुंड्या रस्त्यात लावत मी पळत सुटलो. नवे साहेब दौऱ्यावर निघाले होते. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला, म्हणजे माझ्या शेरवानीला, खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “सोमवारी मला भेटा. समोर येऊन सांगा, का आला नाहीत ते.”

जीप गेल्यावर आमच्या सरिश्तेदारांनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मला खांबाआड ओढलं. “जुन्यांतले कोण ठेवायचे, कोण घालवायचे हे ठरायलंय आता. तुझी जागा कच्ची. त्यात ही शेरवानी. साहेब बाहेरचे आहेत, शेरवानी बघितली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. सोमवारी कोट घालून ये, बाबा.”

कोट! माझ्याजवळ अंगावरची ती एक शेरवानी, दोन सदरे आणि लग्नातलं एक उपरणं. घरात बायको पोटुशी. सोमवारी नोकरी गेली तर खायचं काय हा विचार एकीकडं, आणि कोट कुठून आणायचा हा दुसरीकडं, असे दोन विचार घेऊन मी घरी आलो. खरं सांगायचं तर दुसरा विचार जास्त जोरात होता. माणूस घाबरला की त्याला मोठी गोष्ट दिसत नाही, गुंडी दिसते.

हे सगळं मी बायकोच्या आधी मुन्शीजींना सांगितलं. तसं सांगावं लागायचंच नाही. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यात छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडं बाज टाकून ते सगळं ऐकत बसलेले असायचे. मुन्शीजी आमचे घरमालक, आणि कचेरीतले माझे वडीलधारे कारकूनही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी हैदराबादला दिलेली. अर्ज लिहावा तर मुन्शीजींनी, असं सगळं धाराशिव म्हणायचं. तोंडानं आम्ही धाराशिवच म्हणायचो, कागदावर उस्मानाबाद लिहायचो. मुन्शीजी मात्र तोंडानंही उस्मानाबादच म्हणायचे, कारण तोंडातून निघालेलं सगळंच एक दिवस कागदावर येतं असा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्यासारखा विचित्र माणूस मी नंतर पाहिला नाही. नवा कपडा ते अंगाला लावत नसत. नवी शेरवानी शिवून आली की पहिला महिनाभर ती कचेरीच्या चौकीदाराला घालायला द्यायचे. “नवा कपडा बगावत करतो, साहेबजादे,” ते मला सांगायचे. “कॉलर टोचते, बाही आखडते, आदमी चोरासारखा चालतो. पहिली मस्ती दुसऱ्याच्या अंगावर जिरू द्यायची.” चौकीदार त्यांनी स्वतःच्या मापाचा बघूनच नोकरीला लावला होता, असं लोक म्हणत. एकदा बदलून आलेल्या एका तहसीलदारांनी त्या कडक शेरवानीतल्या चौकीदाराला फाटकातच झुकून सलाम केला, आणि आत आल्यावर मळक्या शेरवानीतल्या मुन्शीजींना पाणी आणायला सांगितलं. मुन्शीजींनी मुकाट्यानं पाणी आणून दिलं. “पानी पिलाना सवाब का काम, पुण्याचं काम,” एवढंच म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव जुन्या कपड्यांत. जुन्या बाजारात जाऊन घासाघीस न करता तासन् तास बसणारं ते एकच गिऱ्हाईक. आणि त्यांची कपडा पारखायची रीत तर जगात कुठं नसेल. कपडा उभ्यानं बघायचाच नाही. अंगात घालायचा, जमिनीवर मांडी घालून बसायचं, आणि त्यात पोटभर जेवायचं. त्यासाठी ते बाजारात जाताना जेवणाचा डबा घेऊन जायचे. “कारकून उभा कधी असतो? साहेब आला तेवढ्यापुरता. बाकी जिंदगी बैठकीत. आरशापुढं उभं राहून घेतलेला कपडा आरशालाच बसतो. माप घ्यायचं तर भरल्या पोटाचं!” मी नोकरीला लागलो तेव्हा माझी शेरवानी त्यांनीच अशी घेऊन दिली होती. त्या मापानंतर मी दोन दिवस ताकावर होतो. पण शेरवानी कधी काखेत काचली नाही.

स्वयंपाकाचं त्यांचं ज्ञानही असंच आडवळणाचं. आम्ही लिंगायत, अंडंसुद्धा घरात येत नाही. मुन्शीजींनी आमच्या चुलीपर्यंत कधी पाऊल टाकलं नाही, आमच्या भांड्याला हात लावला नाही. सोमवारी आमचा उपास असायचा, तर त्या दिवशी ते आपल्याही घरात मांस शिजवत नसत. वास भिंत मानत नाही, म्हणायचे. पण भिंतीपलीकडं बाजेवर बसून ते माझ्या बायकोला स्वयंपाक शिकवायचे, तो कानानं. फोडणीचा आवाज ऐकायचे आणि ओरडायचे, “बेटी, मोहरी बोलायची थांबली, सोड आता डाळ!” किंवा, “कांदा अजून रडायलाय, हसू दे त्याला!” माझी बायको उमरग्याकडची, अर्धी कानडी, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण ह्यांचं ऐकायची. सगळंच बरोबर असायचं असं नाही. एकदा पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ज्वारी पाखडत होतं, तो आवाज फोडणीचा समजून मुन्शीजी “जळाली, जळाली!” म्हणून ओरडले आणि बायकोनं घाबरून चुलीवरचं दूध उतरवलं. त्यावरही ते हार मानेनात. “मैं तो आगाह करत होतो, आधीच सावध,” म्हणाले. “जळणारच होतं.”

हे झाले ॲक्शनच्या आधीचे मुन्शीजी. त्या वर्षी भाद्रपदात जे झालं आणि त्यानंतरचे महिने आमच्या जिल्ह्यातल्या मुसलमान घरांना जसे गेले, ते आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको आणि लहानांना मी इथं सांगत नाही. मुन्शीजींचे खेड्यातले दोन चुलतभाऊ त्यात गेले. तेव्हापासून मुन्शीजी रजेवर होते. गुडघा दुखतो, असं कारण दिलं होतं. गुडघा नमाजाला चालायचा, अंगणात फेऱ्या मारायला चालायचा. उंबऱ्याशी आला की दुखायचा. त्यांची भाजी मी आणायचो, तंबाखू मी आणायचो. संध्याकाळी मी कचेरीतून आलो की भिंतीवरून पहिला प्रश्न यायचा, “साहेबजादे, आज रस्त्यात कोण कोण भेटलं?” आणि मी, म्हाताऱ्याला नसत्या चौकशा फार, असं मनात म्हणत नावं सांगायचो.

ती रजा त्या सोमवारी संपत होती. सोमवारी हजर झाले नाहीत तर नोकरी जाणार, आणि वर्षावर आलेली पेन्शनही जाणार. हे मला ठाऊक होतं. त्यांच्या रजेचा अर्ज पुढं पाठवला होता तो मीच. पण त्या दोन दिवसांत मला कोटाशिवाय काही दिसत नव्हतं.

शनिवारी मी कचेरीत गेलो, मान खाली घालून काम केलं, दर थोड्या वेळानं साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून घाम पुसला. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या अंगात कोट होते. कालपर्यंत गुडघ्यापर्यंत झाकलेली माणसं एकाएकी कमरेत उघडी पडल्यासारखी दिसत होती. घरी आलो तर बायको म्हणाली, “एवढं काय त्यात? उद्या बाजार आहे. मुन्शीजींना घेऊन जा.”

रविवार हा धाराशिवच्या बाजाराचा वार. इतकी वर्षं रविवारी कचेरी असायची, त्यामुळं कारकुनांना बाजार म्हणजे परदेश होता. नव्या राज्याचा आम्हाला पहिला फायदा झाला तो हा.

मी भिंतीपाशी गेलो. “मुन्शीजी, उद्या कोट बघायला येता का माझ्याबरोबर?”

पलीकडं बाज करकरली. मग ते म्हणाले, “बाजारात?”

“मग कुठं? कोट काय घरी चालत येतो?” मी जरा चिडूनच बोललो.

“गुडघा...” ते म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात माझ्यामागून बायकोनं विचारलं, “मुन्शीजी, उद्याच्या डब्याला काय करू? पोट भरलं पाहिजे ह्यांचं. दालचा जमंल का मला, मांस न घालता?”

भिंतीवर हळूहळू त्यांचं डोकं वर आलं. “मांस कायकू? दुधी टाकायचा. पण हरबऱ्याची डाळ पाहिजे, तूर नक्को. तूर पोटात बसते. हरबरा पोटात फिरतो. कोटाला हरबरा बरा.”

मग त्या संध्याकाळी आमच्या घरात जे चाललं ते मी दोन्ही कानांवर हात ठेवून ऐकलं. चिंच किती, दुधीच्या फोडी केवढ्या, बगाऱ्याच्या, म्हणजे फोडणीच्या, भातात शहाजिरं कधी. “बेटी, तेल गप आहे अजून, घाई नक्को!” “आता! आता टाक!” “ते काय पडलं?” “पळी पडली, मुन्शीजी.” “पळीचा आवाज असा नसतो. झाकण पडलं.” झाकणच पडलं होतं. बायको हसत होती, ते ओरडत होते, आणि मी मात्र, साहेबांनी विचारल्यावर काय बोलायचं ते पुटपुटत अंगणात फेऱ्या घालत होतो. आजारी होतो म्हणावं तर चपराशानं लसूण बघितला होता.

रविवारी सकाळी माझी शेरवानी घडी करून काखेत मारली, डबा हातात घेतला आणि मुन्शीजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते तयार होते. त्यांची तीच जुनी शेरवानी, पायात मोजे, डोक्याला मफलर. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि परत आत गेले. मागचं दार लावलंय का बघून आले. मग कुलूप लावलं, ओढून बघितलं. चार पावलं चालले, पुन्हा मागं फिरून कुलूप ओढलं. मग बुटाचा बंद सुटला म्हणून वाकले. बंद सुटला नव्हता. मला दिसत होतं.

“मुन्शीजी, बाजार उठंल!” मी म्हणालो.

“हौ, हौ,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझा दंड धरला. मला वाटलं, गुडघ्यासाठी. पण गुडघेदुखीचा माणूस भार टाकतो. ह्यांनी भार टाकला नव्हता. नुसता दंड घट्ट धरला होता, आणि रस्ताभर ते मोठमोठ्यानं कोटाबद्दल बोलत होते. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर पाच-सहा पोरं बसली होती. त्यांच्यापुढून जाताना तर मुन्शीजींनी काजाच्या टाक्यावर असं काही व्याख्यान सुरू केलं की पोरं बघतच राहिली. कट्टा मागं पडला तसा आवाज एकदम खाली आला. तिथं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की घाबरलेला मी एकटाच नाही. मग मीही दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला.

बाजाराच्या तोंडाशी एक पागोटेवाला शेतकरी एकदम आडवा आला. “ओ! थांबा!”

मुन्शीजींची बोटं माझ्या दंडात रुतली.

“मुन्शीजीच की! मला वाटलंच! आवं, जित्ते हाव म्हना की! आमच्या ईट गावाला कुनीतरी सांगितलं, मुन्शीजी हैदराबादला पळाले.”

“गुडघा घेऊन कुठं पळू, पाटील?” मुन्शीजी म्हणाले.

“आवं, माजा फेरफाराचा अर्ज तसाच पडलाय. नव्या बाबूला दावला तर म्हनं, कुनी लिवलाय त्याच्याकडं जा. उद्या येऊ का कचेरीत? हाव का उद्या?”

मुन्शीजींनी माझ्याकडं बघितलं, जसं काही ते मलाच ठाऊक होतं. मग म्हणाले, “बघू. आलो तर आहे.”

कपड्यांच्या बाजारात शेरवान्यांचा ढीग पडला होता. काळ्या, करड्या, बदामी; किती घरांतून आल्या होत्या कोण जाणे. लिंबाखाली एका शिंप्यानं मशीन मांडलं होतं. शेरवानी गुडघ्याच्या वर कापायची, कड दुमडून शिवायची, की झाला बंद गळ्याचा कोट. कापलेल्या खालच्या घेरांचा वेगळाच ढीग बाजूला होता, आणि बाया वाकळी शिवायला ते घेर उचलत होत्या. मी काखेतली शेरवानी पुढं केली तर शिंपी मान वर न करता म्हणाला, “मंगळवारी या.”

“मंगळवारी कोट घेऊन काय सत्यनारायणाला बसू? मला सकाळी पाहिजे!”

“सगळ्यांलाच सकाळी पायजे. सगळ्यांचाच साहेब येकच हाय.”

मुन्शीजी तेवढ्यात त्या घेरांच्या ढिगापाशी वाकले होते. एक करडा तुकडा त्यांनी बोटांत धरला, उलटा करून अस्तर बघितलं. कुणाची शेरवानी ते त्यांनी ओळखलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुकड्याची नीट घडी करून तो त्यांनी ढिगावर ठेवला.

मग आम्ही शेजारच्या जुन्या कपडेवाल्या बाईकडं गेलो. तिच्याकडं कापून तयार केलेले कोट होते. माझी शेरवानी आणि वर थोडे पैसे घेऊन कोट द्यायला ती कबूल झाली. मी चटकन एक काळा कोट अंगात घातला, उभ्यानंच छाती काढली. झकास बसला होता. “हाच!” मी म्हणालो. मला फक्त घरी जायचं होतं.

“बसा,” मुन्शीजी म्हणाले.

“मुन्शीजी, इथं नको. लोक बघायलेत.”

“बसा, साहेबजादे.”

बाजाराच्या मधोमध मी मांडी घातली. त्यांनी डबा उघडला. दालच्याचा वास सुटला तशी चालती माणसं थबकली. मी मान खाली घालून पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मुन्शीजी पुढ्यात उकिडवे बसून माझ्या गुंड्यांवर नजर लावून होते. निम्मा भात संपला आणि पोटावरची गुंडी तटकन तुटून दालच्यात पडली.

“नापास,” मुन्शीजी म्हणाले.

बाईनं कपाळाला हात लावला. “आवं दादा, कोट इकत घ्यायलाव का पंगतीला बसलाव?”

हसणं पसरलं आणि गर्दी दाटली. मी दुसऱ्या कोटात शिरून पुन्हा घास घेत होतो, घामानं चिंब झालो होतो. ह्या गर्दीत कचेरीतलं कुणी असेल तर, साहेबांच्या ओळखीचं असेल तर! आणि मग मागून कुणीतरी दमदार आवाजात विचारलं, “ए म्हाताऱ्या! त्याला बैलावानी चारायलास कशापायी?”

हसणं थांबलं. बोलणारा तरुण, धिप्पाड होता. हातात काठी होती. गुराखी असेल, पहिलवान असेल, मला ठाऊक नाही. मुन्शीजींच्या हातातली पळी कलली. दालच्याचे थेंब त्यांच्या शेरवानीवर पडले. मी घास तोंडात धरून तसाच बसलो.

मुन्शीजी उठून उभे राहिले. मफलर डोक्यावरून गळ्यात घेतला. म्हणाले, “असं आहे, बाबा. सरकार नवं आहे. कोट नवा आहे. पोट मात्र निजामाच्या वेळचंच आहे. तिघांचं जमतंय का, ते बघतोय.”

निजामाचं नाव त्या दिवसांत बाजारात उभं राहून कुणी घेत नव्हतं. मग तो काठीवालाच आधी हसला. पोट धरून हसला. त्याच्यामागं सगळा बाजार हसला. शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं. मी घास गिळला आणि ठसका लागला, तर लोक त्यालाही हसले.

त्यानंतर मला उठताच येईना, कारण रांग लागली. नवा कोट घेतलेले दोन मास्तर, एक तलाठी, एक तेली. “मुन्शीजी, आमचं बी बघा की जमतंय का!” डबा संपला. कुणी भजी आणली, कुणी गुळ-शेंगा. मुन्शीजी एकेकाला बसवत होते, चारत होते, काखेत बोट घालून बघत होते. “पास.” “ह्याची शिवण उसवा.” “तुम्ही कोट बदलू नका, जेवण कमी करा.” काठीवाला शेजारी उभा राहून रांग सरळ करत होता. ईटचा पाटील सगळ्यांना सांगत होता, की आपले सगळे अर्ज ह्यांनीच लिहिलेत. मी माझ्या पास झालेल्या कोटात, फुगलेल्या पोटानं, एका पोत्यावर बसून होतो. माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. परत येताना मुन्शीजींनी माझा दंड धरला नाही. उलट मलाच दोनदा थांबावं लागलं, कारण हरबरा पोटात फिरत होता.

सोमवारी ते माझ्या दाराशी माझ्या आधी उभे होते. शेरवानी तीच, न कापलेली. दालच्याचे डाग धुऊन काढलेले. मी भीतीनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यामुळं भरल्या पोटाच्या मापाचा तो कोट माझ्या अंगावर बुजगावण्यासारखा लोंबत होता.

आधी मला आत बोलावलं. साहेब सदऱ्याच्या बाह्या वर करून बसले होते. त्यांचा स्वतःचा कोट खुंटीवर होता. बाजूला सरिश्तेदार उभे होते.

“शुक्रवारी का आला नाहीत?”

दोन दिवस पाठ केलेलं सगळं उडालं. “विसरलो, साहेब.”

“काय विसरलात?”

“राज्य बदललं ते.”

सरिश्तेदारांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. उघडले तेव्हा साहेब ओठ दाबून कागदाकडं बघत होते. “परत विसरू नका,” ते म्हणाले. “जा. आणि तो कोट तुम्हाला मोठा होतोय.”

दाराबाहेर येऊन मी भिंतीला टेकलो. माझ्या जवळून मुन्शीजी आत गेले. दार उघडंच होतं.

“तुमची रजा संपली?” साहेबांचा आवाज आला.

“जी.”

“तब्येत कशी आहे आता?”

साहेब त्या लांब शेरवानीकडं बघत असणार, असं मला वाटलं. मग मुन्शीजी म्हणाले, “काल बाजारापर्यंत जाऊन आलो, साहेब.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “बसा तुमच्या जागेवर,” ते म्हणाले. “ईटचा एक माणूस सकाळपासून तुमची वाट बघतोय.”

पुढं वर्षभर, पेन्शन हातात पडेपर्यंत, मुन्शीजी त्या जागेवर बसले. शेरवानी त्यांनी शेवटपर्यंत कापली नाही आणि साहेबांच्या कपाळाला आठी पडलेली मला तरी दिसली नाही. ती आठी सरिश्तेदारांना कुठं दिसली होती, ते त्यांनाच ठाऊक.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती उपास सोडायला भाकरी थापत होती. सांगता सांगता माझा सूर जरा वर गेला. म्हटलं, एवढी यातायात केली, भर बाजारात तमाशा झाला, अंगावरची शेरवानी गेली, आणि मिळाला काय तर हा पिशवीसारखा कोट!

तिनं भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, “तुमची शेरवानी कापून कोट मी शनिवारी घरातच करून दिला असता. कापायचं आणि कड दुमडायची. त्यात काय आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते,” ती म्हणाली, “तर त्यांना बाजारात कोण घेऊन गेलं असतं?”